इम्पोर्ट झालेली चित्रं लहान करणं: युनिटी २०२२.३ प्रकल्पाच्या नोंदी

१० जून २०२४

प्रकल्प: लहान मुलांसाठी अक्षरओळखीचा टूडी खेळ. युनिटी (खेळ बनवायचं सॉफ्टवेअर) २०२२.३ एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती), फक्त अँड्रॉइड. फोन २ ते ३ जीबी रॅमचे धरायचे, कारण घरातला जुना फोनच मुलांच्या हाती येतो.

लक्षण: तीन-चार दृश्यं बदलली की कमी रॅमच्या फोनवर अँड्रॉइड खेळ बंद करून टाकतं. मेमरी प्रोफायलरमध्ये (कशाने किती मेमरी व्यापली हे दाखवणारं साधन) टेक्स्चरचा, म्हणजे मेमरीत चढवलेल्या चित्रांचा, वाटा सगळ्यात मोठा. चित्रं लहान करायची हे उघड आहे. पण ती दृश्यांत, प्रीफॅबमध्ये (पुन्हा पुन्हा वापरायच्या वस्तूंचे तयार साचे) आणि ॲनिमेशन क्लिपमध्ये आधीच जोडलेली आहेत. जुनी पुसून नवी टाकली तर सगळे जोड तुटतील. हे टाळून काम करायचं.

आधी तीन आकार वेगळे करून घेतले, कारण चर्चेत ते सतत एकमेकांत मिसळतात. पहिला, असेट्स फोल्डरमधल्या मूळ फाइलचा आकार. दुसरा, युनिटीने त्यावरून लायब्ररी फोल्डरमध्ये बनवलेल्या प्रतीचा. बिल्डमध्ये (फोनवर जाणाऱ्या तयार खेळात) जाते ती हीच. तिसरा, चित्र पडद्यावर जेवढं दिसतं तो. मेमरी दुसरा आकार खातो. गिटचं (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) ओझं पहिल्यामुळे वाढतं. खेळणाऱ्याला दिसतो फक्त तिसरा.

पीएनजी किती केबीची आहे यावरून काहीही ठरवू नये. ४०९६×४०९६ चं जवळजवळ सपाट रंगाचं चित्र पीएनजीत दोनशे केबीतही मावू शकतं, पण कॉम्प्रेशन नसेल तर मेमरीत ते रुंदी × उंची × ४ बाइट, म्हणजे ६४ एमबी होतं. मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान लहान होत जाणाऱ्या तयार प्रती) चालू असेल तर वर आणखी एक तृतीयांश. ‘रीड/राइट’ची खूण चालू राहिली असेल तर सीपीयूसाठी दुसरी प्रत राहते, म्हणजे दुप्पट. म्हणून आकाराला हात लावण्याआधी या दोन खुणा तपासायच्या. कोडमध्ये पिक्सेल वाचायचे नसतील तर रीड/राइट बंद.

जड चित्रांची यादी बिल्डनंतर एडिटर लॉगमध्ये आयतीच मिळते (कन्सोल विंडोचा तीन ठिपक्यांचा मेनू, ओपन एडिटर लॉग). वापरलेले असेट (चित्रं, आवाज वगैरे) तिथे अनकॉम्प्रेस्ड आकाराच्या उतरत्या क्रमाने असतात. ही यादी उतरवून घेतली. एक जुनी सवय तिथे लगेच उघडी पडते: रिसोर्सेस फोल्डरमधलं सगळं बिल्डमध्ये जातं, कुठल्याही दृश्यात वापरलेलं नसलं तरी. अशी चित्रं लहान करण्यात अर्थ नाही, ती तिथून हलवायची.

११ जून

किती लहान करायचं हे डोळ्यांनी नाही, हिशेबाने ठरवलं.

खेळातल्या वस्तूंसाठी: कॅमेऱ्याचा ऑर्थोग्राफिक साइझ ५ आहे, म्हणजे पडद्याच्या उंचीत १० युनिट मावतात. १०८० उंचीच्या फोनवर एका युनिटला १०८ पिक्सेल, ७२० च्या फोनवर ७२. पात्र ३ युनिट उंच, म्हणजे पडद्यावर जास्तीत जास्त ३२४ पिक्सेल. शाबासकीच्या वेळी कॅमेरा जवळ जातो, साइझ २.५ होतो, तेव्हा ६४८. मूळ चित्र २०४८ उंच आहे. १०२४ पुरून उरतं.

यूआयसाठी (बटणं, पाट्या वगैरे): कॅनव्हास स्केलरचं (यूआय पडद्याच्या मापात बसवणारा घटक) रेफरन्स रिझोल्यूशन १९२०×१०८०, जुळणी उंचीशी. १६० युनिटचं बटण १०८० च्या फोनवर १६० पिक्सेल भरतं, १४४० च्या फोनवर साधारण २१३. चित्रं १०२४ ची आहेत. २५६ बस्स.

इथे ‘मोठं असलं तर बिघडलं कुठे, निदान स्पष्ट तरी दिसेल’ असा आक्षेप येतो. तो बरोबर नाही. बायलिनियर फिल्टर प्रत्येक बिंदूसाठी शेजारचे चारच टेक्सेल (टेक्स्चरचे पिक्सेल) वाचतो. मिपमॅप नसेल (स्प्राइटला, म्हणजे खेळातल्या टूडी चित्राला, तो सहसा बंदच असतो) आणि चित्र निम्म्याहून लहान दाखवलं, तर मधले टेक्सेल वाचलेच जात नाहीत. बारीक रेघा तुटतात, हलताना लुकलुकतात. १०२४ चं बटण १६० वर दाखवलं की कडा करवतीसारख्या दिसतात त्या यामुळे. २५६ चं तेच बटण जास्त नीट दिसतं.

पार्श्वभूमीची चित्रं ४०९६×२३०४. ती २०४८×११५२ करायची. २४०० पिक्सेल रुंद पडद्यावर ती १.१७ पट ताणली जातील, पण जलरंगाची मऊ चित्रं आहेत, चालेल. धारदार रेघांची असती तर चाललं नसतं.

चित्रकाराने मोठं काढलं यात गैर काही नाही. मूळ मोठंच असावं. फक्त ते मूळ खेळाच्या प्रकल्पात असण्याची गरज नसते.

१३ जून

पहिला आणि शक्य तिथे एकमेव उपाय: इम्पोर्ट सेटिंगमधला मॅक्स साइझ.

कृती सोपी आहे. प्रोजेक्ट विंडोत चित्रं निवडायची (एकदम अनेक चालतात, पण टेक्स्चर टाइप एकच असावा), इन्स्पेक्टरमध्ये खाली अँड्रॉइडचा टॅब, ‘ओव्हरराइड’वर खूण, मॅक्स साइझ निवडायचा, अप्लाय. मूळ फाइलला धक्का लागत नाही, फक्त लायब्ररीतली प्रत नव्याने बनते. पटलं नाही तर आकडा परत वाढवायचा. मेटा फाइलमधल्या (प्रत्येक असेटशेजारी युनिटी ठेवते ती सेटिंगची फाइल) एक-दोन ओळी बदलतात, त्यामुळे गिटमध्येही बदल इवलासा दिसतो.

मॅक्स साइझ ही लांब बाजूची मर्यादा आहे. ४०९६×५१२ ची पट्टी २०४८ ला बांधली तर २०४८×२५६ होते. प्रमाण राखलं जातं, पण उभ्या दिशेचा तपशीलही निम्मा होतो. लांब पट्ट्यांसाठी म्हणून वेगळा विचार. मर्यादेपेक्षा लहान चित्र ताणून मोठं केलं जात नाही.

या मार्गाचा सगळ्यात मोठा फायदा: स्प्राइटचा दृश्यातला आकार बदलत नाही. पिक्सेल्स पर युनिट (दृश्यातल्या एका युनिटला किती पिक्सेल), स्लाइसच्या (एका चित्रातून कापलेल्या तुकड्यांच्या) चौकटी, नऊ-तुकडी बॉर्डर (चित्र ताणताना कोपरे न ताणू देणारी कड) हे सगळं मूळ फाइलच्या मापात साठवलेलं असतं आणि युनिटी इम्पोर्ट करताना त्याच प्रमाणात उतरवून घेते. स्प्राइट एडिटर उघडला तर जुनेच आकडे दिसतात. ते बरोबरच आहे, बदलायला जाऊ नये.

‘आकडा बदलला तरी फोनवर फरक नाही’ ही तक्रार आली तर पहिल्यांदा टॅब बघायचा. अँड्रॉइडच्या टॅबवर ओव्हरराइडची खूण आधीपासून असेल तर डीफॉल्ट टॅबमधला बदल अँड्रॉइडला लागूच होत नाही. एकाने डीफॉल्टमध्ये बदलायचं आणि दुसऱ्याने अँड्रॉइडमध्ये, हा गोंधळ नको म्हणून या प्रकल्पात आकार आणि फॉरमॅट दोन्ही फक्त अँड्रॉइडच्या टॅबमध्ये.

फॉरमॅट एएसटीसी ६×६ घेतला (ग्राफिक्स चिपला थेट वाचता येणारं कॉम्प्रेशन, ६×६ पिक्सेलच्या ब्लॉकचं). एएसटीसीचा प्रत्येक ब्लॉक १६ बाइटचा, ब्लॉकमध्ये पिक्सेल जितके जास्त तितकं चित्र हलकं. २०४८×२०४८ साठी हिशेब: कॉम्प्रेशनशिवाय १६ एमबी, ४×४ ला ४ एमबी, ६×६ ला १.८ एमबीच्या आत, ८×८ ला १ एमबी. पार्श्वभूमीचं चित्र कॉम्प्रेशनशिवाय ४०९६×२३०४ ला ३६ एमबी खात होतं. २०४८×११५२ आणि ६×६ मिळून ते साधारण १ एमबीवर येतं. ज्या जुन्या फोनच्या ग्राफिक्स चिपला एएसटीसी कळत नाही, तिथे युनिटी चित्र उलगडून साध्या आरजीबीए स्वरूपात ठेवते आणि सगळी बचत पाण्यात जाते. तसे फोन सांभाळायचे असतील तर ईटीसी२ घ्यावा. ओपनजीएल ईएस ३.० (फोनवरची ग्राफिक्स प्रणाली) असलेल्या प्रत्येक फोनवर तो असतोच.

ईटीसी२ (आणि डेस्कटॉपवरचे डीएक्सटी) घेतला तर चारचा नियम पाळावा लागतो: रुंदी आणि उंची दोन्ही ४ ने भागल्या जायला हव्यात. नाहीतर चित्र कॉम्प्रेस होत नाही. इन्स्पेक्टरमध्ये खाली पिवळी सूचना येते आणि ती कोणी वाचत नाही. याचा परिणाम गमतीशीर आहे. १०००×७४८ चं चित्र ईटीसी२ च्या आठ बिटी स्वरूपात ७,४८,००० बाइट घेतं. निम्मं केलं, ५००×३७४ झालं. ३७४ ला ४ ने भाग जात नाही, म्हणून प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट: ५००×३७४×४ = ७,४८,०००. चित्राचे तीन चतुर्थांश पिक्सेल गेले, स्पष्टता गेली, आणि एक बाइटही वाचला नाही. मॅक्स साइझ ५१२ लावला तरी उंची ३८३ च्या आसपास येते, तीही चारच्या पाढ्यात नाही. एएसटीसीला ही अट नाही. तरीही मूळ चित्रांच्या दोन्ही बाजू ८ च्या पटीत ठेवायच्या असं ठरवलं, म्हणजे निम्मं केल्यावरही ४ ची पट टिकते. कडेला पारदर्शक पिक्सेलची पट्टी वाढवली की झालं. मात्र पिव्हट (चित्र ज्या बिंदूभोवती ठेवलं, फिरवलं जातं तो) मध्यावर नसेल तर पट्टी वाढवल्यावर तो तपासायचा.

पिक्सेल आर्ट या मार्गात बसत नाही. मॅक्स साइझचे दोन्ही रिसाइझ अल्गोरिदम, मिचेल आणि बायलिनियर, शेजारचे रंग मिसळतात. चौकोनी ठिपक्यांचं चित्र गढूळ होतं, फिल्टर मोड पॉइंट असला तरी, कारण गढूळपणा इम्पोर्टमध्येच आलेला असतो. बक्षिसांची चिन्हं पिक्सेल आर्टमध्ये आहेत. ती तशीच राहतील, मुळात ३२ आणि ६४ चीच आहेत.

१४ जून

फोल्डरवार सगळी चित्रं हाताने निवडणं शक्य होतं, पण हे काम पुन्हा लागणार आहे. म्हणून एडिटर स्क्रिप्ट (युनिटीच्या एडिटरमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम).

आधी नुसती पाहणी: प्रत्येक चित्राचा मार्ग, मूळ रुंदी-उंची, सध्याचा मॅक्स साइझ, सुचवलेला मॅक्स साइझ, चारचा नियम पाळतं की नाही. हे सीएसव्हीत काढून स्प्रेडशीटमध्ये पाहिलं, अपवादांवर खूण केली, आणि मगच बदल करणारं बटण. पाहणी आणि बदल ही दोन वेगळी बटणं असावीत.

मूळ फाइलचं माप टेक्स्चर इम्पोर्टरकडूनच घ्यायचं. लोड केलेल्या टेक्स्चरची रुंदी विचारली तर ती आधीच लहान झालेल्या प्रतीची येते आणि हिशेब चुकतो. बदल करताना सगळी फेरी ‘स्टार्ट असेट एडिटिंग’ आणि ‘स्टॉप असेट एडिटिंग’ यांच्यामध्ये, म्हणजे इम्पोर्ट शेवटी एकदम होतात. ‘स्टॉप’ची ओळ ‘फायनली’त हवीच. मध्ये एरर आली आणि ती ओळ चालली नाही, तर एडिटर कुठलेच बदल उचलत नाही आणि बंद करून उघडावा लागतो.

नॉर्मल मॅप (पृष्ठभागाच्या उंचसखलपणाची माहिती असलेली चित्रं), फॉन्टचे ॲटलस (एका चित्रात मांडलेली अक्षरं) आणि पिक्सेल आर्टचं फोल्डर वगळलं.

नव्या चित्रांसाठी असेट पोस्टप्रोसेसर (इम्पोर्ट होताना आपोआप चालणारा कोड). हा प्रत्येक इम्पोर्टला चालतो, त्यामुळे त्यात सरसकट मॅक्स साइझ लिहिला तर एखाद्याने विचारपूर्वक दिलेला वेगळा आकडा पुढच्या इम्पोर्टला पुसला जातो. इम्पोर्टरला ‘इम्पोर्ट सेटिंग्ज मिसिंग’ असं विचारता येतं. मेटा फाइल नसेल, म्हणजे चित्र पहिल्यांदाच येत असेल, तेव्हाच उत्तर होकारार्थी येतं. आकडे फक्त तेव्हाच भरायचे.

१८ जून

आता डिस्कवरच्या मूळ फाइली. हे मॅक्स साइझइतकं सोपं नाही आणि फोनच्या मेमरीसाठी त्याची गरजही नाही. तरी काही फोल्डरांसाठी करावं लागतंय: प्रकल्प नव्या मशीनवर उतरवायला आणि पहिला इम्पोर्ट व्हायला फार वेळ जातो, आणि पात्रांची थरांसकटची पीएसडी (फोटोशॉपच्या फाइली) थेट असेट्समध्ये आहेत. युनिटी ती वाचते, थर सपाट करून स्प्राइट बनवते. पण जे थर युनिटी वापरतच नाही ते प्रत्येक कमिटमध्ये (गिटमधल्या बदलांच्या नोंदीत) वाहून न्यायचे कशाला?

मूळ तत्त्व: युनिटीतले जोड फाइलच्या नावावर नसतात, मेटा फाइलमधल्या जीयूआयडीवर (प्रत्येक असेटचा एकमेव ओळखक्रमांक) असतात. मेटा टिकली तर जोड टिकतात. म्हणून नवी लहान फाइल फाइल एक्सप्लोररमधून त्याच नावाने जुनीवर लिहायची. युनिटीच्या प्रोजेक्ट विंडोत ओढून टाकली तर ती नावापुढे १ लावून नवीन असेट बनवते, नवा जीयूआयडी देते, आणि दृश्यांत जुनंच चित्र राहतं. पीएसडीची पीएनजी करताना मेटाचं नावही बदलायचं: ‘हत्ती.पीएसडी.मेटा’चं ‘हत्ती.पीएनजी.मेटा’. आतला जीयूआयडी तोच राहतो.

पण फाइल निम्मी झाली की मेटामधले पिक्सेलच्या मापातले सगळे आकडे जुने ठरतात. ते आपणच बदलायचे:

– पिक्सेल्स पर युनिट: १०० चे ५०. हे राहिलं तर दृश्यातली वस्तू निम्मी दिसते.
– प्रत्येक स्लाइसची चौकट: एक्स, वाय, रुंदी, उंची. वाय खालून मोजला जातो. २०४८×१०२४ च्या शीटमध्ये (अनेक फ्रेमचं एकत्र चित्र) २५६ चे घर (२५६, ७६८) वर असेल तर ते (१२८, ३८४) वर, १२८ चं.
– बॉर्डर: डावी, खालची, उजवी, वरची, चारही निम्म्या. सिंगल स्प्राइटची बॉर्डर मेटामध्ये वेगळ्या ठिकाणी असते, मल्टिपलची प्रत्येक स्लाइसबरोबर.
– हाताने आखलेली आउटलाइन आणि फिजिक्स शेप (टक्कर ओळखण्यासाठीचा आकार). त्यांचे बिंदू स्लाइसच्या मध्यापासून पिक्सेलमध्ये मोजलेले असतात.
– पिव्हटला हात लावायचा नाही. तो ० ते १ अशा प्रमाणात असतो.
– स्लाइसचं नाव आणि आयडी यांनाही नाही. ॲनिमेशन क्लिप त्यांच्यावरच टांगलेल्या आहेत. ‘परत ऑटोमॅटिक स्लाइस करू’ म्हणून जुन्या स्लाइस पुसल्या तर आयडी नवे होतात आणि क्लिपमधल्या फ्रेम ‘मिसिंग’ दिसायला लागतात.

हे करताना एडिटर बंद ठेवायचा. उघडा राहिला तर चित्र बदललं पण मेटा बदलायची आहे अशा मधल्या क्षणी तो इम्पोर्ट करून बसतो. तेव्हा अर्ध्या चौकटी चित्राच्या बाहेर पडलेल्या असतात. क्रम: गिटमध्ये वेगळी ब्रँच (शाखा), एडिटर बंद, चित्र आणि मेटा एकाच स्क्रिप्टने, डिफ (बदललेल्या ओळींची यादी) वाचायचा, मग एडिटर उघडायचा, मग एकच कमिट.

चौकटींचे आकडे विषम असतील तर थांबायचं. १२९ चे ६४.५ होतात, वर घेतलं तर शेजारच्या फ्रेमची कड आत येते, खाली घेतलं तर आपलीच कड कापली जाते. फ्रेममधलं २ पिक्सेलचं अंतर निम्मं होऊन १ राहतं, आणि लहान करताना शेजारशेजारचे रंग मिसळतात ते वेगळंच. अशी शीट निम्मी करू नये. मूळ थरांपासून नव्याने काढावी, नाहीतर फ्रेम सुट्या करून, प्रत्येक लहान करून, परत मांडावी.

लहान करायला पायथनची पिलो ही लायब्ररी वापरली. इमेजमॅजिकही चालतं, फक्त त्याचं मॉग्रिफाय जागच्या जागी फाइल बदलतं हे लक्षात ठेवायचं. काहीही वापरा, बघायची गोष्ट अल्फा, म्हणजे पिक्सेलची पारदर्शकता. पारदर्शक पिक्सेलमध्येही रंग लपलेला असतो, बहुधा पांढरा किंवा काळा. अल्फाचं वजन न धरता सरासरी काढणारं साधन तो रंग कडेत ओढतं आणि पात्राभोवती फिकट किंवा काळपट रेघ उमटते. पिलो आणि इमेजमॅजिक दोन्ही अल्फाचं वजन धरतात. मात्र पिलोतून आलेल्या चित्रात पूर्ण पारदर्शक भागाचा रंग काळा झालेला असतो, म्हणून इम्पोर्ट सेटिंगमध्ये ‘अल्फा इज ट्रान्स्परन्सी’ चालू हवं. मग युनिटी कडेचा रंग बाहेर पसरवते आणि फिल्टरिंगमध्ये काळी कड येत नाही.

२० जून

तपासणी. डिस्कवर बदललेल्या फोल्डरांसाठीच. मॅक्स साइझवाल्यांना फारसं काही लागत नाही.

टाइलमॅप: टाइलमध्ये फटी दिसल्या तर पिक्सेल्स पर युनिट राहिलं आहे. नऊ-तुकडी पाट्या: बॉर्डर ४० ची २० आणि पिक्सेल्स पर युनिट १०० चे ५०, दोन्ही झालं तर कोपरे पडद्यावर होते तेवढेच राहतात, एकच झालं तर कोपरे फुगतात किंवा चिमटतात. टाइट मेश (चित्राच्या आकाराला धरून आखलेली जाळी): ३२×३२ पेक्षा लहान स्प्राइटला युनिटी कायम पूर्ण चौकोनच देते, त्यामुळे ४८ चं चिन्ह २४ चं केल्यावर मेशचा आकार बदलणं अपेक्षित आहे.

कोडमध्ये ‘टेक्स्चर विड्थ’, ‘गेट पिक्सेल’ आणि ‘स्प्राइट क्रिएट’ शोधले. रंग भरण्याच्या खेळात बोट कुठल्या भागात पडलं हे पिक्सेल वाचून ठरतं आणि तिथे १०२४ हा आकडा थेट लिहिलेला होता. तिथे टेक्स्चरची खरी रुंदी वापरली. रीड/राइट चालू ठेवावं लागणारं चित्र हे एवढंच. मॅक्स साइझसुद्धा अशा कोडला मोडतो, हे वरच्या ‘फारसं काही’ला अपवाद.

दुसरा अपवाद टेक्स्टमेशप्रोचे (युनिटीत अक्षरं दाखवणारं साधन) स्प्राइट असेट, म्हणजे वाक्यात मध्येच येणारे तारे आणि नाणी. त्यांच्या चौकटी स्वतंत्र असेटमध्ये पिक्सेलमध्ये असतात आणि खऱ्या टेक्स्चरच्या रुंदीने भागल्या जातात. चित्र कुठल्याही मार्गाने लहान केलं तरी चिन्ह सरकतं. ते असेट नव्याने बनवायचं.

२५ जून

शब्दांच्या पाट्या. इथे जास्त वेळ द्यावा लागला आणि द्यायलाच हवा होता.

टेक्स्टमेशप्रोला देवनागरीची जुळणी येत नाही: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते, जोडाक्षरं सुटी राहतात. म्हणून या खेळात शब्द चित्र म्हणून आहेत, ५१२×१२८ च्या पाट्या. बाकी चित्रांचा नियम त्यांना लावून २५६×६४ केल्या की काय होतं ते फोनवर पाहिलं.

सगळ्यात आधी अनुस्वार जातो. ९ पिक्सेलचा ठिपका निम्मा होऊन साडेचार, ७२० च्या फोनवर त्याचेही दोन तृतीयांश, म्हणजे ३. एएसटीसी ८×८ मध्ये तो ब्लॉकच्या रंगात विरघळतो. ‘मंद’चा ‘मद’ होतो, ‘वंश’चा ‘वश’. त्यानंतर शिरोरेषेतली फट बुजते: ‘ध’ ‘घ’सारखा आणि ‘भ’ ‘म’सारखा दिसतो. ‘धन’चं ‘घन’, ‘भात’ची ‘मात’. मोठा माणूस संदर्भाने वाचून नेतो. अक्षर पहिल्यांदा ओळखणाऱ्या मुलाला संदर्भ नसतो, त्याला दिसतं तेच अक्षर. रफार आणि ‘दऱ्या’मधला ऱ्याचा आडवा बाक हेही याच रांगेत.

शिरोरेषेची जाडी हा वेगळा मुद्दा. ५ पिक्सेलची रेषा निम्मी केली की अडीच होते. दोन ओळी गडद आणि एक करडी. शब्दाशब्दागणिक ती करडी ओळ कधी वर कधी खाली पडते, आणि एका पडद्यावरच्या पाट्या वेगवेगळ्या वजनाच्या वाटतात. लँक्झोसने (लहान करायची आणखी एक पद्धत) लहान केलं तर रेषेखाली फिकट सावलीसारखी किनार येते. मिचेल त्यापेक्षा बरा, पण मऊ.

निर्णय: पाट्या लहान करायच्या नाहीत, हव्या त्या मापात नव्याने काढायच्या. इंकस्केपमधली (रेषाचित्रांचं सॉफ्टवेअर) मूळ फाइल आहे. त्यातून ३८४×९६ वर एक्स्पोर्ट, शिरोरेषा पूर्ण ४ पिक्सेल आणि पिक्सेलच्या रेघेवर बसवलेली. वळण ‘मुक्ता’ फॉन्टचं, वजन रेग्युलरऐवजी मीडियम, ‘ध’ आणि ‘भ’च्या फटी ४ पिक्सेलपेक्षा कमी नकोत. फॉरमॅट एएसटीसी ४×४. ३८४×९६ ला ते ३६ केबी पडतं; ५१२×१२८ ची पाटी ६×६ मध्ये ३० केबीच्या आत बसली असती. म्हणजे पाट्यांवर मेमरी थोडी जास्तच लागते आहे. लागू दे.

तपासणीसाठी शब्दांची जोडयादी केली: मंद/मद, वंश/वश, धन/घन, भात/मात, भर/मर. ७२० च्या फोनवर, हातभर अंतरावरून, उजेड निम्मा करून. जोडीतला फरक चटकन दिसला नाही तर ती पाटी परत.

२८ जून

स्प्राइट ॲटलस, म्हणजे अनेक चित्रं एकत्र मांडलेली मोठी पानं. पानाचं माप २०४८, पॅडिंग ४. एका ओळीत १०२४ चे दोन चौकोन बसत नाहीत (१०२४+४+१०२४), १००० चे बसतात (१०००+४+१०००). १०२४ चे चार चौकोन चार पानं खातात, १००० चे चार एका पानात. म्हणून पात्रांची चित्रं १०२४ ला न आणता कडेची रिकामी जागा कापून १००० च्या आत आणली. दोनच्या घातात बसवण्याचा आग्रह ॲटलससाठी उलटा पडतो. दोनचा घात पानाने पाळायचा असतो, तुकड्याने नाही.

ॲटलसला स्वतःचा मॅक्स साइझ आणि स्वतःचं कॉम्प्रेशन असतं. आतल्या चित्रांचे फॉरमॅट बिल्डमध्ये लागू होत नाहीत. ॲटलसचा मॅक्स साइझ कमी केला तर चित्रं लहान होत नाहीत, पानं वाढतात आणि त्याबरोबर ड्रॉ कॉलही (ग्राफिक्स चिपला जाणाऱ्या चित्र काढण्याच्या आज्ञा).

सगळ्यात कमकुवत फोनसाठी व्हेरिएंट ॲटलस (मूळ, म्हणजे मास्टर ॲटलसची लहान प्रत), स्केल ०.५. मास्टर आणि व्हेरिएंट दोन्हींवर एकाच वेळी ‘इन्क्लूड इन बिल्ड’ ठेवायचं नाही. दोन्ही ठेवले तर कुठला उचलला जाईल याचा भरवसा नसतो. पाट्यांचा ॲटलस वेगळा, त्याला व्हेरिएंट नाही.

क्वालिटी सेटिंगमधून टेक्स्चर निम्म्या रिझोल्यूशनला आणण्याची सूचना आली होती. ते फक्त मिपमॅप असलेल्या टेक्स्चरवर चालतं. इथे उपयोग नाही.

१ जुलै

डिस्कवरच्या बदलांची ब्रँच मुख्य ब्रँचमध्ये घेतली. पीएनजी आणि पीएसडी मर्ज होत नाहीत, म्हणून तेवढा वेळ ती फोल्डरं बाकीच्यांसाठी बंद ठेवली होती.

लहान फाइली कमिट केल्याने रिपॉझिटरी लहान होत नाही, उलट वाढते: जुन्या प्रती इतिहासात राहतात, त्यावर नव्या चढतात. गिट एलएफएस (मोठ्या फाइली वेगळ्या ठेवणारी गिटची सोय) असेल तर नवीन क्लोनला (प्रकल्पाच्या उतरवून घेतलेल्या प्रतीला) सध्याच्याच प्रती उतरतात, त्यामुळे फायदा लगेच मिळतो. जुन्यांची जागा सर्व्हरवर मोजली जातच राहते. एलएफएस नसेल तर उथळ क्लोन (डेप्थ १, म्हणजे फक्त शेवटची नोंद) घ्यावा, नाहीतर इतिहास नव्याने लिहावा. इतिहास नव्याने लिहिला तर सगळ्यांचे क्लोन निकामी होतात, त्यामुळे प्रकाशनाच्या तोंडावर नको. थरांसकटची मूळ पीएसडी वेगळ्या स्टोरेजवर, फोल्डरांची रचना असेट्ससारखीच ठेवून.

उरलेलं काम: मर्जच्या आधी चालणाऱ्या तपासणीत तीन अटी टाकायच्या. लांब बाजू २०४८ च्या वर नको, बाजू ८ च्या पटीत (ॲटलसमधली चित्रं आणि पिक्सेल आर्ट सोडून), आणि पाट्यांच्या फोल्डरमध्ये एएसटीसी ४×४ शिवाय दुसरा फॉरमॅट नको. तिसरी अट आधी लिहायची.